कोटेशनमधून खोडलेली ओळ: इंजिन नवं, ऑइल कूलर जुना



या आठवड्याचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटेल की हा विषय फक्त गॅरेजवाल्यांचा आहे. विषय गॅरेजचा आहे हे खरं. इंजिन बदलल्यावर ऑइल कूलर कसा बसवायचा, जुना का वापरायचा नाही, हे त्यात मिस्त्रीमामांनी स्वतः करून दाखवलंय. पण त्या कूलरमागची एक गोष्ट मी कॅमेऱ्यासमोर अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी इथे लिहितो. कारण ती गोष्ट कूलरची कमी आणि माझ्या कॅल्क्युलेटरची जास्त आहे. तुम्ही गॅरेज काढा, केटरिंग काढा नाहीतर फर्निचरचं काम घ्या, कोटेशन तर सगळ्यांनाच द्यावं लागतं.

गाडी माळशेजवरून यायची

विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण आणि उल्हासनगरच्या मधलं स्टेशन. इकडे एसटीचा डेपो, पलीकडे उल्हासनगरचे कॅम्प, फर्निचर आणि जीन्सचा धंदा, त्यामुळे टेम्पो आणि पिकअपची इथे कमी नाही. माझं स्पेअर पार्टचं दुकान आधीपासून होतं. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा मी तो घेतला, एक अनुभवी मिस्त्री आणि एक हेल्पर ठेवला आणि इंजिनचं काम सुरू केलं. बीबीए झालेला माणूस, मार्जिन काढता येतं, अजून काय लागतं, असा माझा समज होता.

पहिल्या वर्षीच एक मोठं काम आलं. ओतूरकडचे एक दादा. स्वतःची पिकअप, स्वतःच चालवायचे. रात्री ओतूरहून टोमॅटो, कोथिंबीर भरायची, माळशेज उतरायचा, टोकावडे, मुरबाड करत पहाटे कल्याणच्या मार्केट यार्डात माल टाकायचा, आणि परत जाताना रिकामे क्रेट आणि तिकडच्या दुकानदारांचा किराणा घेऊन घाट चढायचा. गाडीवर हप्ता चालू. एक दिवस घाटाच्या पायथ्याशी ऑइलची बत्ती लागली, आणि "थोडंच तर राहिलंय" म्हणून ते चालवत राहिले. वर पोचायच्या आत इंजिन जाम. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग घासून गेलं होतं, क्रँक खराब, टर्बोची दांडी हलत होती.

ठरलं असं की जुनं इंजिन देऊन, त्याच मॉडेलचं रिकंडिशन केलेलं इंजिन टर्बोसकट बदलून घ्यायचं. मी कोटेशन काढायला बसलो. मामा म्हणाले, "शेठ, कूलर नवा धरा. जुन्याच्या पोटात काय बसलंय ते कुणाला दिसत नाही."

मी धरला. एकूण आकडा आला १,२६,५०० रुपये. दादांनी सांगितलं, दुसऱ्या गॅरेजने १,२०,००० सांगितलेत. मला ते काम हवं होतं. मी यादीवर परत नजर फिरवली. इंजिनची किंमत कमी होत नव्हती, मजुरी कमी करायची नव्हती. कूलर, त्याचे सील आणि होजपाईप मिळून ८,५०० रुपयांची एक ओळ दिसली. जुना कूलर आम्ही पाण्यात बुडवून, हवा भरून तपासला होता. एक बुडबुडा आला नव्हता. मी ती ओळ खोडली. नवा आकडा १,१८,०००. काम मिळालं.

दादांना मी हे सांगितलं नाही की यातून काय कमी केलंय. त्यांनी विचारलंही नाही.

ऑइल कूलर करतो काय?

पुढचं कळायला थोडी तांत्रिक बाजू लागेल. सोपं करून सांगतो.

इंजिनमधलं ऑइल दोन कामं करतं. एक, घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरतं. दोन, तिथली उष्णता उचलून घेऊन जातं. रेडिएटरचं पाणी सिलिंडरच्या भिंती आणि हेड थंड करतं, पण क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, पिस्टनच्या खालच्या बाजूपर्यंत पाणी जात नाही. तिथे सगळी भिस्त ऑइलवर. टर्बो असला तर काम अजून वाढतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकते, ती ऑइलच्या थरावर तरंगते आणि तिची एक बाजू एक्झॉस्टच्या गरम धुराला लागून असते.

ऑइल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की बरं. त्याच्या फार वर, १२०-१३० च्या पुढे सतत राहिलं तर ते पातळ होतं, लवकर जळतं, थर फाटायला लागतो. फार थंड राहिलं तरी त्रासच, कारण इंजिनमध्ये तयार होणारी पाण्याची वाफ ऑइल नीट तापल्याशिवाय उडून जात नाही. म्हणून ऑइलला फक्त थंड करून चालत नाही, ठरलेल्या तापमानात ठेवावं लागतं.

हे काम कूलरचं. पिकअपसारख्या डिझेल गाड्यांत बहुतेक वेळा तो ऑइल फिल्टरच्या जवळ, ब्लॉकला चिकटून असतो. आत पातळ पत्र्यांचे थर. एका थरातून ऑइल, शेजारच्या थरातून कूलंट. दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते. दुसरा प्रकार हवेवर चालणारा, छोट्या रेडिएटरसारखा. पल्सर २२० बघा, इंजिनच्या पुढे छोटी जाळी दिसते, तोच ऑइल कूलर. आणि मोठ्यात मोठं उदाहरण हवं असेल तर आपल्या कल्याणच्या रेल्वे डिझेल शेडचं घ्या. डब्ल्यूडीएम-२ जातीच्या रेल्वे इंजिनात १६ सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. त्यालाही पाण्यावर चालणारा स्वतंत्र ऑइल कूलर लागतो. बाईक असो की रेल्वे, ज्या इंजिनाला कूलर दिलाय त्याला तो हौस म्हणून दिलेला नसतो.

जुना कूलर का नको?

आता मुद्दा. बेअरिंग घासून इंजिन जातं तेव्हा ते बेअरिंग जातं कुठे? त्याची भुकटी होते आणि ती ऑइलबरोबर फिरते.

ऑइलचा रस्ता लक्षात घ्या. चेंबरमधून जाळीवाटे पंप, पंपातून बऱ्याच इंजिनांत आधी कूलर, मग फिल्टर, मग मुख्य नळीतून क्रँक, कॅम आणि टर्बो. काही इंजिनांत फिल्टर आधी आणि कूलर नंतर. कूलर फिल्टरच्या आधी असेल तर भुकटी सरळ कूलरच्या पत्र्यांमध्ये जाऊन बसते. कूलर फिल्टरच्या नंतर असेल तरी सुटका नाही, कारण फिल्टर चोंदला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनला ऑइलच न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं बरं, म्हणून ती सोय असते. मरायला टेकलेल्या इंजिनात फिल्टर चोंदलेलाच असतो.

पत्र्यांमधली फट अरुंद, वाट वाकडीतिकडी. डिझेलने धुवा, रॉकेलने धुवा, उलटं करून हवा मारा, आतला सगळा कण बाहेर आला की नाही हे बघायला डोळा आत जात नाही. मग तो कूलर नव्या इंजिनाला लागतो. गरम ऑइल, दाब, घाटातली थरथर, यांनी चिकटलेले कण हळूहळू सुटतात. नवा फिल्टर काही दिवस अडवतो. एका थंड पहाटे सेल्फ मारला, ऑइल घट्ट आहे, फिल्टर अर्धा भरलाय, बायपास उघडला, आणि कण सरळ नव्या बेअरिंगवर. तिथली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तिथे धातूचा कण गेला की काय होतं ते सांगायला नको.

आम्ही पाण्यात बुडवून जी तपासणी केली होती ती गळतीची होती. गळत नाही याचा अर्थ स्वच्छ आहे असा होत नाही. मी उत्तर बरोबर आणलं होतं, पण प्रश्न चुकीचा विचारला होता.

तेविसाव्या दिवशी फोन आला

गाडी देऊन तेवीस दिवस झाले होते. रात्री दादांचा फोन. माळशेज चढताना आवाज यायला लागला, गाडी बाजूला घेतलीय. या वेळी त्यांनी बत्ती लागल्याबरोबर इंजिन बंद केलं होतं, शहाणे झाले होते. आम्ही गाडी ओढून विठ्ठलवाडीला आणली. मामांनी चेंबर उतरवलं. ऑइलमध्ये बोट घातलं, बाहेर काढलं, उजेडात धरलं. बोटावर चमकी लावल्यासारखं दिसत होतं. मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

फिल्टर कापला, घड्यांमध्ये तीच चमकी. कूलर करवतीने कापला, म्हणजे आता तरी डोळा आत जाईल. पत्र्यांच्या कोपऱ्यात जुन्या बेअरिंगचा गाळ बसलेला.

इंजिन ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या वॉरंटी कार्डावर अट छापलेलीच होती: ऑइल कूलर नवा बसवल्याचं बिल दाखवावं. मी ते कार्ड फाईलला लावलं होतं, वाचलं नव्हतं. त्यांची चूक काहीच नव्हती.

आता हिशोब. व्यवसाय शिकवतो म्हणून आकडे लपवत नाही.

पहिल्या कामात इंजिन ९२,०००, मजुरी १५,०००, ऑइल-फिल्टर-कूलंट ४,६००, गॅस्केट, माउंटिंग, बेल्ट वगैरे ६,४००. एकूण १,१८,०००. मिस्त्री-हेल्परचा पगार आणि खरेदी वजा जाता माझ्या हातात उरले साधारण १६,०००.

दुसऱ्या वेळी क्रँक घासणं, बेअरिंग सेट, टर्बोची दुरुस्ती, पंप मिळून ४८,०००. मिस्त्री-हेल्पर ८,०००. ऑइल वगैरे परत ४,६००. गाडी ओढून आणायचे ६,५००. हे झाले ६७,१००. गाडी नऊ दिवस उभी होती, तेवढे दिवस दादांनी ३,५०० रोजाने दुसरी गाडी लावली. त्यातले अर्धे, १५,७५०, मी दिले. एकूण ८२,८५०. पहिले कमावलेले १६,००० वजा केले तरी ६६,८५० रुपये खिशातून गेले. म्हणजे तशीच चार कामं पूर्ण करून पाचवं सुरू होईपर्यंत मी शून्यावरच.

आणि नव्या कूलरचे ८,५००? ते दादांनी स्वतःहून काढून दिले. मी नको म्हणालो. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही: "घ्या हो. तवाच सांगितलं असतं तर तवाच दिलं असतं की."

मित्रांनो, हेच आहे या लेखात. मी माणसाला स्वस्त पडावं म्हणून ओळ खोडली असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्याच्या वतीने मी निर्णय घेतला आणि धोका त्याच्या गळ्यात घातला. त्याच्याकडे साडेआठ हजार होते. त्याच्याकडे माहिती नव्हती. माहिती द्यायचं काम माझं होतं.

आता आमच्याकडे कूलर कसा बसतो

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी ही यादी भिंतीला लावा.

१. इंजिन धातू सोडून गेलं असेल तर कूलर नवा. यावर चर्चा नाही. होजपाईप आणि ऑइलच्या नळ्या वाकड्या, लांब, आतून न दिसणाऱ्या असतील तर त्याही नव्या. टर्बोची ऑइल नळी विसरू नका.

२. टर्बो गेला असेल तर इंटरकूलर आणि त्याचे पाईप उतरवून आतलं ऑइल काढा. तिथे साचलेलं ऑइल इंजिनने ओढलं तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही पळत सुटू शकतं.

३. जुनं गॅस्केट खरवडताना भोकांना स्वच्छ फडकं लावा. सील आणि ओ-रिंग नवे, बसवताना त्यांना ऑइलचं बोट लावा. सिलिकॉन भरभरून लावायची सवय सोडा. बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळलं जातं, तुटतं आणि ऑइलच्या भोकात अडकतं.

४. बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. ॲल्युमिनियमच्या घरात "अजून थोडं" म्हणजे तडा.

५. नवा कूलर आणि नळ्या रिकाम्या असतात. डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारत, मध्ये थांबत, ऑइलचा दाब येऊ द्या. बत्ती विझली की मगच इंजिन चालू करा.

६. चालू करून, गरम करून, बंद करा. थोडा वेळ थांबून ऑइलची पातळी परत बघा. कूलरने आपला वाटा पिऊन घेतलेला असतो, पट्टी खाली दिसते. कूलंटमधली हवाही काढा.

७. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदला. फिल्टर ग्राहकासमोर कापून दाखवा. नुसतं चुंबक फिरवून खात्री धरू नका, बेअरिंगवरचं तांबं, शिसं, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही.

८. पुढचे काही दिवस कूलंटच्या टाकीत काळा तवंग दिसतो का आणि ऑइल दुधाच्या चहासारखं होतं का, यावर लक्ष ठेवा. कूलर आतून फुटला तर चालू इंजिनात ऑइलचा दाब जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, पाण्याचा थोडा वेळ राहतो, मग पाणी ऑइलमध्ये उतरतं.

"जास्तीचा कूलर लावून द्या ना"

हा प्रश्न जीपवाले विचारतात. जुन्या साध्या डिझेलच्या जागी टर्बो डिझेल टाकलेलं असतं, पुढे हवेचा कूलर लावला की काम फत्ते असं वाटतं. लावता येतो. फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये सँडविच प्लेट बसते, तिथून दोन नळ्या पुढे जातात. पण चार गोष्टी बघा.

प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असलेलाच घ्या. तो साधारण ८० अंशांच्या आसपास वाट उघडायला लागतो, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे ऑइल तापणारच नाही. नळ्या गरम ऑइलच्या दाबाच्याच घ्या, पाण्याची किंवा डिझेलची नळी क्लिप लावून चालत नाही. ती सुटली तर मिनिटभरात चेंबर रिकामं. नळी एक्झॉस्टपासून आणि पंख्यापासून लांब बांधा. आणि कूलर रेडिएटरची सगळी हवा अडवेल असा लावू नका, नाहीतर ऑइल थंड आणि पाणी गरम.

सगळ्यात आधी मात्र मीटर लावून तापमान मोजा. ऑइल खरंच जास्त तापतंय का? पुष्कळदा रेडिएटर चोंदलेला असतो किंवा कंपनीने दिलेला पाण्याचा कूलर इंजिन बदलताना कुणीतरी काढून टाकलेला असतो, कारण त्याच्या पाण्याच्या नळ्या जुळत नव्हत्या. तिथे नवा कूलर विकण्याआधी जुना परत जोडा. ग्राहकाचे पैसे वाचतात आणि तुमचं नाव होतं.

कागद विसरलात तर कूलरचा काय उपयोग

बदललेल्या इंजिनाचा नंबर वेगळा असतो. आरसीवर वेगळा नंबर आणि ब्लॉकवर वेगळा, असं झालं की अपघाताच्या क्लेमला, पासिंगला, गाडी विकताना, सगळीकडे अडतं. चोरीच्या इंजिनाचा संशय येतो तो निराळाच.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ बदलांबद्दल आहे. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून वेगळ्याच गाडीचं इंजिन टाकायचं काम आलं तर आधी ग्राहकाला आरटीओत पाठवा, मग पाना उचला. मंजुरीने केलेला बदलही १४ दिवसांत कळवावा लागतो, आणि तो मालक राहतो तिथल्या आरटीओला. काम विठ्ठलवाडीत झालं म्हणून कल्याणच्या एमएच-०५ ला जायचं नसतं. ओतूरच्या दादांचं आरटीओ एमएच-१४, पिंपरी-चिंचवड.

आणि सेकंडहँड इंजिन कुठूनही आणा, कुर्ल्याहून आणा नाहीतर भिवंडीहून, पक्कं बिल आणि त्यावर इंजिन नंबर नसेल तर घेऊ नका. स्वस्त मिळालं तरी नाही.

तीन कप्प्यांचं कोटेशन

त्या कामानंतर मी कोटेशनचा कागद बदलला. तो आज माझ्या प्रत्येक बॅचमध्ये शिकवतो. त्यात तीन कप्पे असतात.

पहिला कप्पा: नक्की लागणार. इंजिन, मजुरी, ऑइल, फिल्टर, आणि हो, कूलर. यातली ओळ आकडा बसवण्यासाठी खोडायची नाही. आकडा जास्त वाटला तर स्वतःचं मार्जिन कमी करा किंवा काम सोडा. पण कामाला जे लागतंच ते काढून काम स्वस्त करू नका.

दुसरा कप्पा: उघडल्यावर कळणार. क्लच प्लेट, रेडिएटर, इंजिन माउंटिंगचा ब्रॅकेट. इथे "कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके" असं लिहा. उघडल्यावर फोटो पाठवा, होकार आल्यावरच पुढे जा.

तिसरा कप्पा: आम्ही करणार नाही, किंवा ग्राहकाने नको म्हटलेलं. इथे कारण आणि परिणाम एका वाक्यात लिहायचा. त्यापुढे ग्राहकाची सही.

"मग सगळे कूलर तिसऱ्या कप्प्यात टाकून सही घेऊ," असं एक विद्यार्थी म्हणाला होता. नाही. सही घेतली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. ज्यामुळे इंजिन परत जाणारच आहे ती वस्तू ग्राहक नको म्हणाला तर ते काम नको म्हणायचं. तिसरा कप्पा सीट कव्हरसाठी आहे, ऑइल कूलरसाठी नाही.

शेजारचं गॅरेज साडेसहा हजार कमी सांगतं तेव्हा काय करायचं? दोन्ही कोटेशन शेजारी ठेवा आणि ग्राहकालाच विचारा, "त्यांच्यात कूलर धरलाय का, विचारून या. धरला असेल तर तिकडेच द्या, स्वस्त आहे." काही जण परत येतात, काही येत नाहीत. जे येत नाहीत त्यांचा रात्रीचा फोनही येत नाही. आणि कापलेला कूलर दाखवा. तो आमच्या काउंटरवर अजून आहे. ग्राहक उचलून बघतो, पत्र्यांमधला काळा गाळ बघतो, मग मला जास्त बोलावं लागत नाही.

या आठवड्याचं काम

तुमच्या धंद्यात तो कूलर कोणता आहे, ते शोधा. केटरिंगवाल्याला बर्फ आणि वाहतूक असेल. फर्निचरवाल्याला वाळवीचं औषध असेल. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना अस्तराचं कापड आधी पाण्यातून काढणं असेल. ग्राहकाला दिसत नाही, आकडा कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री त्यावरच लागते, आणि ते नसलं तर सगळं काम परत करावं लागतं, अशी एक ओळ प्रत्येक धंद्यात असते.

मागची तीन कोटेशन काढा. त्यात ती ओळ आहे का बघा. नसेल तर आज घाला, आणि तिच्यापुढे ग्राहकाला समजेल असं एक वाक्य लिहा.

दादांची पिकअप अजून येते. सर्व्हिसिंगला आले की काउंटरवरचा कूलर उचलतात, बाजूला बसलेल्या नव्या गिऱ्हाईकाला दाखवतात आणि म्हणतात, "हा माझ्या गाडीचा. शेठनी वाचवला होता." सगळे हसतात. मीही हसतो, आणि कोटेशनचं पॅड पुढे ओढतो.